हरळीला पेंड

जून उजाडला की तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात एक दृश्य दिसतं. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं शेजारी शेजारी उभी. एकाला हरळी मारायचं औषध हवं असतं, दुसऱ्याला हरळी पोसायचं खत. पहिला शेतकरी. त्याच्या बापाने कुदळीने हरळी खणली, तिच्या कांड्या वेचून बांधावर वाळत घातल्या, जाळल्या आणि पुढच्या पावसात ती पुन्हा हजर झाली. म्हणून मुलगा आता ग्लायफोसेटची बाटली मागतो. दुसरा शहरातला, गावाबाहेर पाच गुंठ्यांत फार्महाऊस बांधलेला. त्याच्या दारापुढची हरळी जरा पिवळी पडली आहे आणि त्यापायी त्याचा चेहराही. दुकानदार दोघांना सारख्याच गंभीरपणे पावती फाडून देतो. न हसणं हा त्याच्या धंद्याचा धर्म आहे, वनस्पतिशास्त्राला तसलं काही बंधन नाही. रोपवाटिकेत 'सिलेक्शन वन' अशा भारदस्त नावाने जे गवत चौरस फुटाच्या भावाने विकलं जातं, ते हरळीचंच घरंदाज भावंड, शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणपतीला एकवीस मोजून वाहतो त्या दूर्वाही याच. शेतात तण, बंगल्यात लॉन आणि ताम्हनात दूर्वा. 'तण खाई धन' असं शेतकरी म्हणतो, पण धन खरोखर खातं ते मधल्या ठिकाणचं.

मराठी घराला दारात गवताची हौस मुळात नव्हती. अंगण म्हणजे शेणाने सारवलेली, सडा घातलेली, रांगोळी उठून दिसेल अशी मोकळी जमीन. 'दारात गवत माजलंय' एवढं म्हटलं की त्या घरात आता कोणी राहत नाही, भावाभावांचा दावा चालू आहे आणि धाकटा मुंबईला आहे, हे सगळं ऐकणाऱ्याला न सांगता कळायचं. आता त्याच गवतासाठी माळी ठेवतात आणि सारवलेलं अंगण बघायला हुरड्याच्या सहलीला पैसे भरून जातात. हे वेड साहेबाबरोबर आलं. 1830 मध्ये इंग्लंडातल्या स्ट्राउडच्या एडविन बडिंगने गवत कापायचं यंत्र केलं. ते त्याला सुचलं लोकरीच्या गिरणीत कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून. तिथपासून गवताकडे कापड म्हणून बघायची सवय लागली: सपाट, एकरंगी, सुरकुती नसलेलं. फरक एवढाच की कापडाला भूक लागत नाही.

ही भूक लागते कशी, ते नीट पाहिलं तर खताच्या दुकानात जायच्या आधीच निम्मं काम होतं. गवत जमिनीतून नत्र, स्फुरद, पालाश उचलतं आणि पात्यांत साठवतं. दर रविवारी सकाळी यंत्र फिरतं, पाती कापली जातात, यंत्राच्या मागच्या पिशवीत जमा होतात आणि ती पिशवी कचऱ्याच्या गाडीत रिकामी होते. वाळलेल्या पात्यांच्या वजनात सुमारे 4 टक्के नत्र असतं, पालाश त्याच्या निम्मा. निंबोळी पेंडीच्या पोत्यावर छापलेला नत्राचा आकडा 5 टक्क्यांच्या आसपास असतो आणि ते पोतं आपण घासाघीस करून विकत आणतो. म्हणजे जवळजवळ पेंडीच्या तोडीचं खत दर रविवारी फुकट द्यायचं आणि महिन्याने तेच बाजारातून विकत आणून घालायचं. सासूने सुनेचे दागिने सांभाळायला म्हणून काढून घ्यावेत आणि दिवाळीला त्यातलीच एक चेन तिला ओवाळणी म्हणून घालावी, वर पाहुण्यांना दाखवावी, तशातला हा प्रकार. कापलेली पाती जागेवरच पसरू दिली, तर हिरवळीच्या वर्षभराच्या नत्राच्या गरजेतला निदान पाव हिस्सा आपोआप भागतो. म्हणून माझं म्हणणं असं की 'हिरवळीला कोणतं खत घालू?' हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, 'तिच्याकडून घेतलेलं कुठे गेलं?'

तरीही उरलेल्या पाऊण हिश्श्यासाठी काहीतरी घालावं लागतं, आणि इथे 'सेंद्रिय' हा शब्द पुढे येतो. हा शब्द मोठा बेरकी आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकात युरिया हा चोख सेंद्रिय पदार्थ आहे. 1828 मध्ये फ्रिडरिश व्होलरने तो प्रयोगशाळेत बनवला आणि सेंद्रिय पदार्थ फक्त सजीवच बनवू शकतात ही समजूत ढिली झाली. बाजारातल्या 'सेंद्रिय'चा अर्थ मात्र पोत्यावर हिरवं पान छापलेलं असणं एवढाच उरला आहे. त्यात पुन्हा पोटजाती. हाडांचा चुरा चालेल का? रक्ताची भुकटी? मासळीचं खत? ज्या सोसायटीत फ्लॅट देताना 'आपण व्हेज ना?' असं विचारतात, तिथे हिरवळीलाही तोच प्रश्न विचारला जाणं ओघानेच आलं. खरं तर 1840 मध्ये युस्टुस फॉन लीबिखने वनस्पती खनिजरूपातलं अन्न घेतात हे ठासून सांगितलं, तेव्हाच मुळांची पंक्तिभेदापासून सुटका झाली होती. मुळाच्या तोंडाशी पोचतं ते अमोनियम किंवा नायट्रेट. ते गायीच्या शेणातून आलं, बोंबलाच्या डोक्यातून आलं की ट्रॉम्ब्याच्या कारखान्यातून, हे मूळ विचारत नाही. आणि शेण तरी काय, गायीच्या पोटातून फेरफटका मारून आलेलं गवतच.

मग वनस्पतिजन्य खताचा आग्रह सोडून द्यायचा का? नाही. त्याची कारणं शुद्धतेची नाहीत, व्यवहाराची आहेत. नीट न कुजलेल्या शेणखताबरोबर दोन पाहुणे हमखास येतात. एक, गुरांच्या पोटातून सहीसलामत पार पडलेलं तणांचं बी. दोन, हुमणीच्या अळ्या. हुमणी उसाची मुळं खाते तशीच हिरवळीचीही खाते, आणि मग गालिचा उचलावा तसं वाळलेलं गवत हातात येतं. दुसरं कारण गतीचं. पेंडीतलं नत्र प्रथिनांमध्ये कुलूपबंद असतं. आधी मातीतले जिवाणू ते फोडून अमोनियम करतात, मग नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर अशा टेबलांवरून फाईल पुढे सरकत त्याचं नायट्रेट होतं आणि मग कुठे ते मुळाच्या हातात पडतं. या कारभाराला दोन-चार आठवडे लागतात. शेतीत ही दिरंगाई अडचणीची असते, हिरवळीत ती फायद्याची, कारण हिरवळीचं पीक आपल्याला नकोच असतं, नुसता रंग हवा असतो. निंबोळीत तर नायट्रोसोमोनासचं टेबल आणखी मंद करणारी द्रव्यं आहेत. 2015 मध्ये केंद्राने देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा केला, तो याच गुणामुळे. काम हळू व्हावं म्हणून सरकारने जाहीरपणे काढलेला दुसरा हुकूम निदान ऐकिवात नाही.

झाडपाल्याचं खत ही काही परदेशातून आलेली नवलाई नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड इंदूरच्या संस्थेत काडीकचरा, पालापाचोळा आणि थोडं शेण थरांवर थर रचून, ठरावीक वेळाने पालटून, तीन महिन्यांत खत करायची पद्धत बसवत होते. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. 1931 मध्ये त्यावर जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्डबरोबर दुसरं नाव यशवंत वाड यांचं आहे, पण परदेशी सेंद्रिय-भक्तांच्या आरतीत वाडांचं नाव येत नाही, आणि आपल्याही येत नाही. पुढे पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी भोकं ठेवून बांधलेल्या विटांच्या टाकीत, अगदी जरासं शेण वापरून, टनांनी खत करून दाखवलं. त्यांच्याच नावाच्या अक्षरांवरून त्याला 'नाडेप' म्हणतात. कोल्हापूरकडे श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यातून माती घडवायचं शास्त्र घरोघरी नेलं, आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी तर पाला कुजवत बसूच नका, हिरवा असतानाच जमिनीला द्या, तिथल्या जिवाणूंना जेवायला मिळू द्या, असा उलटा मुद्दा मांडला. कापलेली पाती जागेवर ठेवायला याहून मोठी शिफारस ती कसली! एवढं सगळं घरात असताना आपण चकचकीत पाकिटातलं 'लॉन फूड' ऑनलाइन मागवतो आणि त्याच्यामागे बारीक अक्षरांत शेवटी 'नीम केक' असं लिहिलेलं सापडतं.

आता पेंडींची निवड, ही खरी चवीची गोष्ट. विदर्भात हिला ढेप म्हणतात. तेलबियांतून तेल काढून घेतलं की उरतो तो चोथा, आणि त्यात नत्र किती हे प्रथिनांवर ठरतं. प्रथिनांच्या टक्केवारीला सव्वासहाने भागा, नत्र मिळतं. या हिशेबाने शेंगदाण्याची आणि सोयाबीनची पेंड सगळ्यांत श्रीमंत, 7 टक्क्यांच्या घरातली. सरकीची त्याखाली. पण या तिन्ही पेंडी म्हशीच्या तोंडचा घास आहेत. दुभत्या जनावराची पेंड दारापुढच्या गवताला घालायची, ते गवत वाढलं की कापून कचऱ्यात टाकायचं, आणि दूध महाग झालं म्हणून गॅलरीत उभं राहून हळहळायचं, हे जरा जास्तच गोल फिरणं झालं. म्हणून एक साधा नियम करता येतो: जी पेंड म्हैस खात नाही, ती हिरवळीला. या नियमात निंबोळी, करंज, एरंडी आणि मोह या चार बसतात. त्यातली मोहाची पेंड तर विनोदी इतिहासाची धनी आहे. तिच्यात सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं, त्याने गांडुळं कासावीस होऊन जमिनीवर येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पेंड हिंदुस्थानातून विलायतेला जायची आणि तिथल्या गोल्फच्या हिरवळीवर मुद्दाम पसरली जायची, कारण गांडुळांच्या विष्ठेचे बारीक ढीग चेंडूच्या वाटेत येतात. ज्या विष्ठेला साहेब वैतागला, ती आपण आज 'गांडूळखत' म्हणून किलोवर विकत घेतो. गांडूळखत टाकून वर मोहाची पेंड टाकणाऱ्याला काय म्हणावं, याला शब्द नाही.

एरंडीच्या पेंडीचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. ती स्वस्त असते, नत्र 4 टक्क्यांच्या वर असतं आणि दुकानदार तिची स्तुतीही करतो. पण एरंडीच्या बीत रिसिन नावाचं विष असतं, तेलात ते उतरत नाही, चोथ्यात राहतं. 1978 मध्ये लंडनच्या रस्त्यावर गिऑर्गी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाच्या मांडीत छत्रीच्या टोकाने एक बारीक गोळी मारली गेली आणि चार दिवसांत तो गेला. त्या गोळीत रिसिनच होतं असं मानलं जातं. तेल काढताना उष्णतेने या विषाचा जोर बराच कमी होतो, पण किती कमी झाला हे पोत्यावर लिहिलेलं नसतं, आणि पेंडीचा वास कुत्र्याला बिस्किटासारखा येतो. घरात कुत्रं असेल, किंवा शेजारचं कुत्रं घरचंच असल्यासारखं येत-जात असेल, तर एरंडी नको. राहिल्या निंबोळी आणि करंज. दोन्ही कडू, जनावर तोंड लावत नाही आणि हुमणी-सूत्रकृमींचा त्रास कमी व्हावा म्हणूनही शेतकरी त्या घालतो. यातली कोणतीही घ्या, पण चुरा घ्या, आणि हातात घेऊन पाहा. बोटांना तेलकट लागली तर त्यात तेल बरंच राहिलंय, कुजायला वेळ लावेल. अगदीच कोरडी, वासहीन आणि मातकट असेल तर ती मातीच असण्याचा संभव आहे. सेंद्रिय म्हणजे मुळात इंद्रियं असलेला, आणि या खताची खरी तपासणी नाकाचं इंद्रियच करतं.

इथे स्वयंपाकघरातल्या शास्त्राचाही समाचार घेतला पाहिजे, कारण फॅमिली ग्रुपवर दर आठवड्याला एक तरी फुकटचं खत फिरतं. तांदूळ धुतलेलं पाणी, केळ्याच्या साली भिजवलेलं पाणी, आंबट ताक, चहाचा चोथा. केळ्याच्या सालीत मुख्यतः पालाश, आणि हिरवळीला हवं असतं नत्र. म्हणजे तहान लागलेल्याला लाडू देण्यासारखं. तांदळाच्या पाण्यात जे काही असतं, ते होमिओपॅथीच्या मात्रेत. चहाचा चोथा हा त्यातला खरा माणूस, वाळवून पाहिला तर नत्र सुमारे 4 टक्के. पण हिशेब करा. अर्ध्या गुंठ्याच्या हिरवळीला, म्हणजे 50 चौरस मीटरला, एका खेपेला साधारण 250 ग्रॅम नत्र लागतं. चार माणसांच्या घरात रोज 40 ग्रॅम पावडर वापरली, तर महिन्याला सव्वा किलो चोथा आणि त्यातून 50 ग्रॅम नत्र. एका खेपेला पाच महिन्यांचा चहा. पाहुणे वाढवले तर काम लवकर होईल, पण मग साखरेचा खर्च धरावा लागेल.

तेच 250 ग्रॅम नत्र निंबोळी पेंडीतून द्यायचं तर 5 किलो पुरते, चौरस मीटरला 100 ग्रॅम, म्हणजे दोन मुठी. गांडूळखत असेल आणि त्यात दीड टक्का नत्र धरलं तर 16-17 किलो. सरकारी खत नियंत्रण आदेशात गांडूळखताला नत्राची किमान अट 1 टक्क्याचीच आहे, तेव्हा दर्जा अटीपुरताच असेल तर पोतं 25 किलोचं लागेल. लोक चुकतात ते इथेच. गांडूळखत 2 किलोचं पाकीट आणून हळदीकुंकवासारखं शिंपडतात, आणि पेंड मात्र 'नैसर्गिकच आहे, काय होतंय' म्हणून पोतंभर ओततात. पेंडीचा जाड थर बसला की त्यावर बुरशी धरते, मुंग्या येतात, खालचं गवत गुदमरतं आणि रात्री घूस येऊन सगळं उकरून ठेवते. घुशीने हिरवळीत केलेलं काम एकदा पाहिलं की महापालिकेच्या खोदाईबद्दलचा राग निवळतो. तेव्हा पेंड चाळलेल्या कंपोस्टमध्ये मिसळून, गवत कोरडं असताना, संध्याकाळी घमेल्यातून मुठीने फेकायची. मग खराट्याने उलटसुलट झाडायचं, म्हणजे चुरा पात्यांवर न राहता बुडाशी जातो, आणि लगेच पाणी. शेंगदाण्याची पेंड चार दिवस भिजवून आंबवून तिचं पाणी घालण्याची जी पद्धत आहे, ती गवताला उत्तम मानवते. शेजाऱ्यांशी संबंध आधीच बिघडलेले असतील तर अवश्य करावी.

वेळेचंही तसंच. आपल्याकडचं गवत उन्हाळी जातीचं, त्याची भूक उष्म्याबरोबर वाढते आणि थंडीत मंदावते. पुस्तकं विलायती असली की त्यात शरद ऋतूत खत घाला असं असतं, ते तिथल्या थंड हवेच्या गवतासाठी. इथे एक खेप फेब्रुवारीच्या अखेरीस थंडी ओसरली की, दुसरी मृगाचा पाऊस पडून जमीन मऊ झाली की. जुलैच्या मुसळधारेत घातलेलं खत तुमच्या हिरवळीला कमी आणि मुळा-मुठेतल्या जलपर्णीला जास्त मिळतं, आणि तिची तब्येत आधीच उत्तम आहे. डिसेंबरात गवत जरा मलूल दिसतं, ते भुकेने नव्हे, थंडीने. तेव्हा त्याला खत देणं म्हणजे झोपलेल्याला उठवून जेवायला वाढणं.

आता आक्षेप. पहिला आक्षेप पैशाचा आणि तो खरा आहे. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. तिच्यात 46 टक्के नत्र. म्हणजे आपले 250 ग्रॅम नत्र 540 ग्रॅम युरियात, किंमत 3 रुपये 20 पैसे. कोणतीही पेंड या भावाशी स्पर्धा करू शकत नाही. पण हा भाव खताचा नाही, अनुदानाचा आहे, आणि अनुदान शेतीसाठी आहे. ते दारापुढच्या गवताला घालणं म्हणजे रेशनचे तांदूळ कबुतरांना टाकणं. शिवाय युरियाने गवत आठ दिवसांत तरारून उठतं, हीच त्याची खोड. तरारलं की कापावं लागतं, कापलं की टाकावं लागतं, टाकलं की पुन्हा उपाशी. जरा जास्त पडला आणि पाणी द्यायला उशीर झाला तर पिवळे चट्टे पडतात ते वेगळेच. 'पेंडीने आठ दिवसांत काही फरक दिसत नाही' अशी तक्रार करणाऱ्याला एवढंच विचारावं, फरक कोणाला दिसायला हवा आहे? गवत दोन-चार आठवडे थांबायला तयार असतं, थांबता येत नाही ते रविवारी येणाऱ्या पाहुण्यांपुढे उभं राहणाऱ्याला.

दुसरा आक्षेप माळ्याकडून येतो. 'साहेब, कापलेलं तिथंच ठेवलं तर खाली थर बसतो, किडा लागतो.' थर बसतो हे खरं, पण तो बसतो मुख्यतः जमिनीलगतच्या चिवट कांड्यांचा आणि मुळांचा. पाती तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतात, ती लवकर वाळतात, कुजतात आणि नाहीशी होतात. अट एकच, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही. तीन आठवडे सुट्टी घेऊन मग एकदम गुडघाभर कापलं, तर त्याचे ओले लपके पडतात आणि खालचं गवत पांढरं पडतं. पावसाळ्यात असं होणारच. तेवढ्यापुरतं गोळा करून कोपऱ्यात वाळलेल्या पानांबरोबर थर लावून ठेवावं, हॉवर्ड-वाडांचं स्मरण करून. वाळलेली पानं मात्र कच्ची हिरवळीवर पसरू नयेत. त्यांत कर्ब फार आणि नत्र थोडं, त्यामुळे ती कुजवायला बसलेले जिवाणू जमिनीतलंच नत्र उसनं घेतात आणि गवत पंक्तीत शेवटी बसलेल्यासारखं बघत राहतं. आणि तीच पानं जाळण्याचा मोह झाला तर लक्षात असू द्या, उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये दंड करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्येच दिला आहे. पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा उपक्रम एकाची नकोशी पानं दुसऱ्या हवी असणाऱ्यापर्यंत पोचवतो. या शहरात लग्नं जमवण्याच्या खालोखाल हे काम यशस्वी झालेलं दिसतं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड: या राज्यात मुळात हिरवळ हवीच कशाला? उन्हाळ्यात दिवसाला 5 मिलिमीटर पाणी धरलं तरी त्या अर्ध्या गुंठ्याला रोज 250 लिटर लागतं. तेवढ्यात दोन-तीन माणसांचा दिवस निघतो. 2016 च्या दुष्काळात गवताला पाणी घालण्याचा प्रश्न थेट मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायचा आदेश निघाला. या आक्षेपाला सेंद्रिय खत हे उत्तर नाही. टँकरच्या पाण्यावर वाढवलेल्या लॉनला निंबोळी पेंड घातल्याने ते पुण्यवान होत नाही, उपासाला साबुदाण्याबरोबर वेफर्स खाल्ल्यासारखं ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर असतं, एवढंच. पण ज्यांच्याकडे हिरवळ आहेच, त्यांना करण्यासारखं बरंच आहे. कंपोस्ट मिळालेली माती पाणी जास्त धरून ठेवते. गवत दोन-अडीच इंच उंच ठेवलं तर त्याची मुळंही खोल जातात आणि पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात. आणि मुख्य म्हणजे, हरळी ही हरळी आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी तोडलं तर ती तपकिरी होते, मरत नाही, आणि पहिल्या वळवाला कांडीकांडीतून फुटते. काउंटरवरच्या त्या शेतकऱ्याला विचारा, तो शपथेवर सांगेल. जे गवत त्याच्या तीन पिढ्यांना मारता आलं नाही, ते तुमच्या दोन महिन्यांच्या दुर्लक्षाने जायचं नाही.

एक सोय तेवढी करून ठेवा. श्रावणाच्या मध्यापासून हिरवळीच्या एका कोपऱ्यात यंत्र फिरवू नका. गणपतीपर्यंत तिथे तीन पात्यांच्या कोवळ्या दूर्वा उभ्या राहतील आणि बाजारात जुडीला जो भाव सांगतील तो द्यावा लागणार नाही. मात्र दारापुढे कार्पेट लॉन म्हणून मिळणारं ते मऊ, गुबगुबीत गवत लावलं असेल तर ते बहुधा झोयसिया, त्याच्या दूर्वा होत नाहीत. मग जुडी मंडईतूनच आणावी.